सिलिकॉनचं पहिलं डीएफटी गणित: एमएस्सी प्रोजेक्टसाठी कामाचा नेमका क्रम

संगणकीय सॉलिड स्टेटचा प्रोजेक्ट घेतलेले विद्यार्थी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतात. क्वांटम एस्प्रेसो (डीएफटीचं, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरीचं, गणित करणारा प्रोग्रॅम) चालतं, बँड स्ट्रक्चरचा आलेख निघतो, तो रिपोर्टमध्ये चिकटतो, आणि व्हायव्हात एक्स्टर्नल विचारतात, "कटऑफ एवढाच का घेतला?" (कटऑफ म्हणजे गणितात घेतलेल्या प्लेन वेव्हच्या ऊर्जेची कमाल मर्यादा.) नमुन्याच्या फाइलमध्ये तेवढाच होता, याखेरीज उत्तर नसतं. इथे प्रोग्रॅम चुकलेला नसतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. सगळ्यात शेवटी यायला हवा तो आलेख पहिल्याच आठवड्यात काढलेला असतो आणि त्याआधीच्या पायऱ्या कायमच्या राहून जातात.

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून एमएस्सी फिजिक्स करणाऱ्यांसाठी हा क्रम लिहिला आहे. साधा लॅपटॉप आणि कॉलेजच्या लॅबमधले विंडोजचे संगणक एवढीच सामग्री गृहीत धरली आहे. खारघरला सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचं केंद्र आहे, पण सुपरकॉम्प्युटरवरचा वेळ गाइड आणि संस्थेमार्फत रीतसर मागावा लागतो. शिवाय सिलिकॉनला त्याची गरजही नाही. दोन अणूंचं हे गणित घरच्या लॅपटॉपवर सेकंदांत, फार तर काही मिनिटांत होतं. म्हणूनच पहिलं काम सिलिकॉनवर करा, गाइडने दिलेला मूळ पदार्थ कुठलाही असो.

इनपुटमधल्या शब्दांची नावं इथे उच्चारानुसार दिली आहेत. टाइप करताना मॅन्युअलमध्ये जशी आहेत तशीच रोमन लिपीत करायची.

पायरी १: आधी कागदावर

खालच्या गोष्टी हाताने केल्याशिवाय इनपुट फाइलला हात लावू नका.

एफसीसी (फलककेंद्रित घन) जालकाचे प्रिमिटिव्ह सदिश लिहा आणि त्यावरून व्यस्त जालकाचे सदिश काढा. उत्तर बीसीसी (अंतःकेंद्रित घन) निघालं पाहिजे. मग सिलिकॉनचे अणू मोजा: घनाकृती कोषात ८, प्रिमिटिव्ह (सगळ्यात लहान) कोषात २. घनाची बाजू ५.४३१ अँगस्ट्रॉम धरली, तर घनाचं घनफळ १६०.१९ घन अँगस्ट्रॉम आणि प्रिमिटिव्ह कोषाचं त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे ४०.०५ येतं. शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर बाजूच्या ०.४३३ पट, म्हणजे २.३५ अँगस्ट्रॉम. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक आउटपुट त्यांच्याशी ताडून पाहायचं आहे.

एककांचा गोंधळही इथेच मिटवा. १ हार्ट्री म्हणजे २ रिडबर्ग, १ रिडबर्ग म्हणजे १३.६०६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, १ बोर म्हणजे ०.५२९२ अँगस्ट्रॉम. क्वांटम एस्प्रेसो कटऑफ रिडबर्गमध्ये घेतं, अ‍ॅबिनिट हार्ट्रीमध्ये. एका प्रोग्रॅममधले ४० दुसऱ्यात तसेच टाकले तर कटऑफ दुप्पट किंवा निम्मा होतो आणि प्रोग्रॅम काहीही तक्रार करत नाही.

तपासणी: सिलिकॉनच्या प्रत्येक अणूचे ४ संयुजा इलेक्ट्रॉन, दोन अणूंचे ८, एका बँडमध्ये २. म्हणजे भरलेले बँड ४. हे न पाहता सांगता आलं पाहिजे, कारण आठव्या पायरीतली सगळ्यात जास्त आढळणारी चूक याच आकड्याशी निगडित आहे.

पायरी २: स्वतःचा छोटा प्रोग्रॅम

तयार सॉफ्टवेअर आत काय करतं ते कळायचं असेल तर तेच काम एका मितीत स्वतः करून पाहायला हवं. पायथन आणि नमपाय (मॅट्रिक्सची गणितं करणारी पायथनची लायब्ररी) असेल तर चाळीस-पन्नास ओळींत होतं.

एककं अशी घ्या की गतिज ऊर्जेचा सहगुणक १ होईल आणि जालकाची लांबीही १ राहील. पोटेन्शियल एकाच कोसाइनचं घ्या, म्हणजे त्याचे दोनच फूरिए घटक उरतात. दोघांचं मूल्य ५ ठेवा. आता प्लेन वेव्हच्या बेसिसमध्ये मॅट्रिक्स मांडा. के म्हणजे तरंगसदिश; कर्णावर (के + २ पाय गुणिले एम) याचा वर्ग, कर्णाच्या लगतच्या दोन्ही तिरक्या ओळींत ५, बाकी शून्य. एम ची मूल्यं उणे एन पासून अधिक एन पर्यंत, म्हणजे मॅट्रिक्स २एन + १ आकाराचं.

के = ० ला सगळ्यात खालची ऊर्जा पाहा. एन = १ ला ती −१.२२८ येते, एन = २ ला −१.२३३, आणि त्यानंतर तिसरा दशांश हलत नाही. कटऑफ कन्व्हर्जन्स म्हणतात तो हाच. एन वाढवला की ऊर्जा खालीच जाते, वर कधी जात नाही, हेही इथे दिसतं. खऱ्या प्रोग्रॅममध्ये कटऑफ वाढवल्यावर एकूण ऊर्जा अशीच उतरते, त्याचं कारण हे छोटं मॅट्रिक्स लिहिल्याशिवाय नीट पटत नाही.

मग ब्रिलुएँ झोनच्या कडेला, के = पाय इथे, दोन खालच्या ऊर्जांमधली फट मोजा. पोटेन्शियलचा घटक ०.५ केला तर ती जवळजवळ १ येते, म्हणजे घटकाच्या दुप्पट. पुस्तकातलं निअर्ली फ्री इलेक्ट्रॉनचं सूत्र तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून बाहेर आलं.

थांबा आणि पाहा: के आणि उणे के ला उत्तर सारखं येत नसेल तर एम ची मूल्यं शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखी घेतलेली नाहीत. बहुधा शेवटचं अधिक एन राहून गेलं आहे.

या पायरीला आठवडा गेला तरी चालेल. ती वगळून केलेल्या प्रोजेक्टमध्ये पुढचं सगळं काम केवळ आज्ञा टाइप करणं होऊन बसतं.

पायरी ३: यंत्र तयार करणं

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) घालून त्यात उबुंटू घ्या आणि क्वांटम एस्प्रेसोचं पॅकेज थेट उबुंटूच्या भांडारातून बसवा. पहिल्या प्रोजेक्टसाठी स्वतः कंपाइल करत बसण्याची गरज नाही. ८ जीबी रॅम पुरते. आलेखांसाठी ग्नूप्लॉट किंवा पायथन, स्फटिक पाहण्यासाठी व्हेस्टा किंवा एक्सक्रिसडेन.

दोन गोष्टी लगेच करा. कामाचं फोल्डर उबुंटूच्या स्वतःच्या होम डिरेक्टरीत ठेवा. विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवलं तर फाइल वाचण्या-लिहिण्यात वेळ वाया जातो. आणि एमपीआय (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारी पद्धत) वापरणार असाल तर ओपनएमपीच्या (एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवणाऱ्या पद्धतीच्या) थ्रेड्सची संख्या १ वर बांधून टाका. तसं केलं नाही तर चार प्रोसेस प्रत्येकी चार-चार थ्रेड उघडतात, कोअर एकमेकांशी झगडतात आणि चार कोअरवरचं गणित एका कोअरपेक्षा हळू चालतं. "पॅरलल करूनही वेग येत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मोठ्या गणितांसाठी मॅक्स सेकंड्स ही मर्यादा घालून ठेवा, म्हणजे वेळ संपली की प्रोग्रॅम नीट बंद होतो आणि तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते, पावसाळ्यात वीज जाते. मध्येच तुटलेल्या गणिताच्या फाइली वापरण्याजोग्या राहतीलच असं नाही. मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवून रात्रभर चालवू नका. खालची हवा अडली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि वेळेची तुलना निरर्थक होते.

पायरी ४: रचना आणि स्यूडोपोटेन्शियल

आयब्राव्ह म्हणजे जालकाचा प्रकार, आयब्राव्ह २ म्हणजे एफसीसी. सेलडीएमचं पहिलं मूल्य बोरमध्ये द्यायचं, ५.४३१ अँगस्ट्रॉम म्हणजे १०.२६३ बोर. अणू दोन: (०, ०, ०) आणि (०.२५, ०.२५, ०.२५), एकक अलॅट (घनाच्या बाजूच्या पटीत).

हे एकक लिहायला विसरू नका. त्याच जागी अँगस्ट्रॉम लिहिलं गेलं तर दोन अणू एकमेकांपासून अर्ध्या अँगस्ट्रॉमपेक्षाही कमी अंतरावर येतात. गणित कधी अडखळतं, कधी पूर्णही होतं, आणि ऊर्जेचा आकडा भलताच निघतो.

इंटरनेटवरून सीआयएफ (स्फटिकाची रचना देणारी) फाइल उतरवणाऱ्यांनी आधी अणू मोजावेत. बऱ्याचदा ती ८ अणूंच्या घनाकृती कोषाची असते. गणित विनाकारण कितीतरी जड होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे बँड दुमडले जातात. झोन लहान झाल्यामुळे दुसरीकडचे बँड गॅमाजवळ (के = ० या बिंदूजवळ) येऊन बसतात आणि आलेख पुस्तकातल्या सिलिकॉनसारखा दिसतच नाही. विद्यार्थी मग बँड चुकले म्हणून कटऑफ वाढवत बसतात.

स्यूडोपोटेन्शियल म्हणजे अणुकेंद्र आणि आतले इलेक्ट्रॉन यांच्या जागी वापरायचं सोपं पोटेन्शियल. त्यासाठी एसएसएसपी किंवा स्यूडोडोजो यांपैकी एक संग्रह निवडा आणि पूर्ण प्रोजेक्टभर तोच ठेवा. फाइलच्या सुरुवातीला तीन गोष्टी वाचा: फंक्शनल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या परस्पर परिणामाचं अंदाजी सूत्र, कोणतं (पीबीई की एलडीए), प्रकार कोणता (नॉर्म-कन्झर्व्हिंग, अल्ट्रासॉफ्ट की पीएडब्ल्यू), आणि संयुजा इलेक्ट्रॉन किती. नॉर्म-कन्झर्व्हिंगला चार्ज डेन्सिटीचा कटऑफ वेव्हफंक्शनच्या चौपट पुरतो आणि प्रोग्रॅम आपोआप तेवढाच घेतो. अल्ट्रासॉफ्टला तो ८ ते १२ पट लागतो आणि तो स्वतः लिहावा लागतो. ही एक ओळ राहिली की दाब आणि बल चुकतात, पण ऊर्जा मात्र बरी दिसते, त्यामुळे चूक लपून राहते.

इशारा: वेगवेगळ्या स्यूडोपोटेन्शियलनी काढलेल्या एकूण ऊर्जांची वजाबाकी कधीही करू नका. त्यांचा शून्यच वेगळा असतो.

पायरी ५: पहिलं एससीएफ, आणि आउटपुट वाचण्याची सवय

एससीएफ म्हणजे इलेक्ट्रॉनांची घनता स्वतःशी जुळेपर्यंत फेऱ्या घेणारं गणित. कटऑफ ४० रिडबर्ग, के-मेश (के-बिंदूंची जाळी) ६ × ६ × ६, कन्व्हर्जन्सची मर्यादा १० चा उणे ८ वा घात. नेहमीची मर्यादा १० चा उणे ६ वा घात असते. पुढे जे बारीक फरक मोजायचे आहेत त्यांना ती अपुरी पडते.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कॉपी केली असेल तर अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात आणि प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला थांबतो. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या फाइलीत ओळींच्या शेवटी विंडोजचं अदृश्य चिन्ह असतं, त्यानेही वाचन बिघडतं. फाइल उबुंटूमधल्या एडिटरमध्येच लिहा, & चिन्हाने सुरू होणारा प्रत्येक विभाग तिरप्या रेघेने बंद करा आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबा.

आउटपुटच्या शेवटी "जॉब डन" दिसलं की काम झालं, असं समजू नका. ती ओळ प्रोग्रॅम संपल्याची आहे, उत्तर बरोबर असल्याची नाही. वरून खाली असं वाचा:

प्रोग्रॅमची आवृत्ती, ती वहीत लिहा. युनिट सेलचं घनफळ: २७० घन बोरच्या आसपास, म्हणजे पहिल्या पानावरचे ४०.०५ घन अँगस्ट्रॉम. इलेक्ट्रॉनांची संख्या ८. सममितीच्या क्रियांची संख्या ४८. ती बरीच कमी असेल तर अणूंच्या जागा कुठेतरी किंचित चुकल्या आहेत, बहुधा दशांश कमी लिहिले आहेत. मग कन्व्हर्जन्स झाल्याचं सांगणारी ओळ. मग उद्गारचिन्हाने सुरू होणारी एकूण ऊर्जेची ओळ. उद्गारचिन्ह फक्त शेवटच्या, कन्व्हर्ज झालेल्या ऊर्जेला असतं. वरच्या फेऱ्यांमधली ऊर्जा उचलून तक्ता भरू नका.

कन्व्हर्जन्स होतच नसेल तर मिक्सिंग बीटा (नवी घनता जुन्यात किती मिसळायची ते प्रमाण) ०.७ वरून ०.३ करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण सिलिकॉनला त्याची गरज पडता कामा नये. पडली तर रचना तपासा.

पायरी ६: कन्व्हर्जन्स

प्रोजेक्टची खरी प्रत इथे ठरते, म्हणून इथे घाई नको.

आधी कटऑफ. के-मेश ६ × ६ × ६ वर स्थिर ठेवा आणि कटऑफ २० पासून ८० रिडबर्गपर्यंत १० च्या टप्प्याने न्या. मग जिथे बदल मंदावतो तिथे ५ च्या टप्प्याने पुन्हा. प्रत्येक वेळी तीन आकडे नोंदवा: एकूण ऊर्जा, दाब, लागलेला वेळ. दाब छापून यावा म्हणून टी-स्ट्रेस चालू ठेवा. तक्त्यात थेट ऊर्जा लिहू नका, सगळ्यात मोठ्या कटऑफच्या ऊर्जेपासूनचा फरक लिहा. निकष ठरवा: अणूमागे १ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट. आपल्या कोषात दोन अणू आहेत, म्हणजे एकूण ऊर्जेत ०.०००१५ रिडबर्ग. बरेच जण दोनने गुणायला विसरतात, किंवा रिडबर्ग आणि इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये गल्लत करून तेरापट सैल निकष लावतात.

आता दाब. ऊर्जा बसली तरी दाब बसलेला नसतो, तो उशिरा स्थिरावतो. किती अचूक हवा याचं उत्तर तुम्हाला काय मोजायचं आहे त्यावर आहे. सिलिकॉनचा बल्क मॉड्युलस साधारण ९० गिगापास्कल धरा. दाबात ०.५ किलोबारची, म्हणजे ०.०५ गिगापास्कलची चूक असेल तर घनफळात ०.०५ भागिले ९०, म्हणजे सुमारे ०.०५६ टक्के फरक. बाजूत त्याच्या तिसरा हिस्सा, म्हणजे ५.४७ अँगस्ट्रॉममध्ये ०.००१. तिसऱ्या दशांशापर्यंत जालकस्थिरांक सांगायचा असेल तर दाब ०.५ किलोबारपर्यंत बसवायला हवा. असा हिशेब रिपोर्टमध्ये मांडला की "एवढाच कटऑफ का" हा प्रश्न उरत नाही.

मग के-मेश. ठरवलेला कटऑफ स्थिर ठेवून २, ४, ६, ८, १०, १२. इथे ऊर्जा एकाच दिशेने उतरेल असं नाही, ती वरखाली होऊ शकते. कटऑफसारखा उतरता आलेख न दिसल्यावर गणित चुकलं असं समजू नका. सरकवलेलं मेश (शेवटचे तीन आकडे १ १ १) आणि न सरकवलेलं (० ० ०) यांचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका. दोन वेगळे तक्ते करा आणि सिलिकॉनला सरकवलेलं मेश लवकर कसं बसतं ते पाहा.

शेवटची तपासणी: ठरवलेल्या जोडीपेक्षा कटऑफ आणि मेश दोन्ही एकदम एक-एक टप्पा वाढवून एक गणित करा. उत्तर निकषाच्या आत राहिलं पाहिजे.

कोष बदलला की मेशही बदलतं. एका दिशेने कोष दुप्पट लांब केला तर त्या दिशेचे के-पॉइंट निम्मे पुरतात. सुपरसेलवर तेच ८ × ८ × ८ टाकून दोन दिवस लॅपटॉप अडकवून ठेवणं ही नेहमीची चूक आहे.

पायरी ७: जालकस्थिरांक

बाजू ५.३१ ते ५.६३ अँगस्ट्रॉम, ०.०४ च्या टप्प्याने, अशी ९ गणितं. प्रत्येकाला वेगळा प्रीफिक्स (फाइलींच्या नावाची सुरुवात) किंवा वेगळी आउटडिर (आउटपुटचं फोल्डर) द्या. दोन गणितं एकाच आउटडिरमध्ये एकाच वेळी चालली तर ती एकमेकांच्या फाइली पुसतात.

ऊर्जा विरुद्ध घनफळ असा आलेख काढा आणि तिसऱ्या क्रमाचं बर्च-मर्नाघन समीकरण बसवा. ईव्ही डॉट एक्स हा प्रोग्रॅम ते काम करतो, पायथनमध्येही सोपं आहे. नुसता पॅराबोला बसवू नका. दाबताना ऊर्जा ताणण्यापेक्षा झपाट्याने वाढते, पॅराबोलात ती असममितता येत नाही. आलेख खडबडीत, दातेरी दिसला तर कटऑफ कमी आहे. सहाव्या पायरीवर परत जा.

घनफळ प्रिमिटिव्ह कोषाचं, म्हणजे बाजूचा घन भागिले ४. बल्क मॉड्युलससाठी १ रिडबर्ग प्रति घन बोर म्हणजे १४,७१० गिगापास्कल, किंवा १ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति घन अँगस्ट्रॉम म्हणजे १६०.२ गिगापास्कल.

पीबीईने जालकस्थिरांक सुमारे ५.४७ अँगस्ट्रॉम यायला हवा, प्रयोगातल्या ५.४३१ पेक्षा थोडा जास्त. बल्क मॉड्युलस नव्वदच्या किंचित खाली, प्रयोगातला ९८ च्या आसपास. एलडीएने उलट होतं, बाजू थोडी कमी भरते. पीबीईचं उत्तर प्रयोगाशी तंतोतंत जुळलं तर आनंद मानण्याआधी संशय घ्या. बहुतेक वेळा कमी कटऑफची चूक आणि फंक्शनलची चूक एकमेकींना खोडत असतात.

तपासणी: दोन्ही टोकांचे एक-एक बिंदू काढून पुन्हा फिट करा. जालकस्थिरांकाचा तिसरा दशांश हलला तर बिंदूंचा पल्ला किंवा कन्व्हर्जन्स कमी पडतोय.

व्हीसी-रिलॅक्सने (कोष आपोआप बदलत किमान ऊर्जा शोधणाऱ्या गणिताने) हेच एका झटक्यात होतं, हे खरं. तरी पहिल्या प्रोजेक्टला हा वक्र हाताने काढा. व्हीसी-रिलॅक्समध्ये प्लेन वेव्हचा संच सुरुवातीच्या कोषावरून ठरतो, कोष बराच बदलला तर तो संच नव्या कोषाला चपखल राहत नाही, आणि हे लक्षात यायला वक्र एकदा तरी स्वतः काढलेला असावा लागतो.

पायरी ८: आता बँड आणि डीओएस

डीओएस म्हणजे डेन्सिटी ऑफ स्टेट्स, कोणत्या ऊर्जेला किती पातळ्या आहेत ते. क्रम असा: एससीएफ, मग एनएससीएफ (घनता तीच ठेवून नव्या के-बिंदूंवर ऊर्जा काढणं), मग डॉस डॉट एक्स. त्यानंतर वेगळ्या आउटडिरमध्ये पुन्हा एससीएफ, मग बँड्स प्रकारचं गणित, मग बँड्स डॉट एक्स. सगळं एकाच आउटडिरमध्ये केलं आणि बँड्सनंतर डीओएस काढला, तर डॉस डॉट एक्स शेवटचे के-पॉइंट उचलतो, म्हणजे फक्त तुमच्या रेषेवरचे. आलेख निघतो, सुंदरही दिसतो, आणि पूर्ण चुकीचा असतो.

बँडच्या इनपुटमध्ये एनबँड ८ लिहा. सिलिकॉनला प्रोग्रॅम आपोआप फक्त भरलेले ४ बँड घेतो. कंडक्शन बँड दिसत नाहीत म्हणून गोंधळणारे विद्यार्थी इथेच अडकलेले असतात.

मार्ग एल, गॅमा, एक्स. प्रत्येक तुकड्यावर ३० ते ४० बिंदू. निर्देशांक कोणत्या एककात आहेत ते नीट पाहा. टीपीआयबीए पद्धतीत (एकक २ पाय भागिले बाजू) एक्स म्हणजे (०, ०, १). तोच आकडा क्रिस्टल पद्धतीत टाकला तर तो व्यस्त जालकाचा पूर्ण सदिश होतो, म्हणजे पुन्हा गॅमाच. मग गॅमा ते एक्स या तुकड्याच्या दोन्ही टोकांना ऊर्जा सारख्याच दिसतात. क्रिस्टल पद्धतीत एक्स (०.५, ०, ०.५) असतो.

ऊर्जेचा शून्य संयुजा बँडच्या माथ्यावर सरकवा. पण तो माथा सरकवलेल्या मेशच्या एससीएफ आउटपुटमधून घेऊ नका. त्या मेशमध्ये गॅमा बिंदूच नसतो, त्यामुळे छापून आलेली "सर्वांत वरची भरलेली पातळी" खऱ्या माथ्यापेक्षा खाली असते. बँड्सच्या गणितातली गॅमावरची चौथ्या बँडची ऊर्जा घ्या.

डीओएससाठी एनएससीएफला दाट मेश, १६ × १६ × १६, आणि टेट्राहेड्रा पद्धत. स्मिअरिंग (प्रत्येक पातळी थोडी पसरवून मोजणं) वापरलं तर गॅपच्या कडा पसरतात आणि गॅप खरा आहे त्यापेक्षा लहान वाटतो.

काय दिसायला हवं: गॅमावर दुसरा, तिसरा, चौथा बँड एकत्र. संयुजा बँडची रुंदी सुमारे १२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. कंडक्शन बँडचा तळ गॅमा ते एक्स अंतराच्या साधारण ८५ टक्क्यांवर, एक्सवर नाही. गॅप सुमारे ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. डीओएसच्या फाइलीतला तिसरा स्तंभ गॅपमध्ये बरोबर ८ दाखवतो. ८ नसेल तर मेश किंवा ऊर्जेचा पल्ला चुकला आहे.

प्रयोगातला गॅप सामान्य तापमानाला १.१२ आहे. ०.६ ही तुमची चूक नाही, आणि कटऑफ वाढवून ती भरूनही निघणार नाही. पीबीईतल्या कोन-शॅम ऊर्जा गॅप कमीच दाखवतात. रिपोर्टमध्ये हे स्पष्ट लिहा. आकडा १.१२ पर्यंत ओढून आणण्यासाठी जालकस्थिरांकाशी किंवा स्मिअरिंगशी खेळणं हे गैर आहे. एक्स्टर्नलच्या ते लगेच लक्षात येतं. गॅपच प्रोजेक्टचा विषय असेल तर हायब्रिड फंक्शनलकडे जावं लागतं, आणि ते गणित कित्येक पटींनी खर्चिक आहे. गाइडशी आधी बोला.

पायरी ९: मूळ पदार्थाकडे जाताना

अ‍ॅल्युमिनियम: धातूला स्मिअरिंग लागतंच, ते न दिल्यास प्रोग्रॅम ते मागून थांबतो. डीगॉस (स्मिअरिंगची रुंदी) ०.०२ रिडबर्गपासून सुरू करा. के-मेश आणि डीगॉस यांची चाचणी एकत्र घ्या, वेगवेगळी नाही, कारण जास्त डीगॉसला विरळ मेशही बसल्यासारखं भासतं.

लोह: स्पिन चालू करून सुरुवातीचं चुंबकत्व शून्याहून वेगळं द्या. शून्यावरून सुरू केलं तर ते शून्यावरच राहतं. अणूमागे साधारण २.२ बोर मॅग्नेटॉन अपेक्षित आहे.

ग्राफीन: थरांमध्ये १५ अँगस्ट्रॉमची मोकळी जागा. मेश गॅमाकेंद्रित आणि ३ ने भाग जाणारं, नाहीतर डिरॅकचा के बिंदू मेशमध्ये येतच नाही.

पायरी १०: नोंदी

प्रत्येक गणितासोबत हे लिहिलेलं असलं पाहिजे: प्रोग्रॅमची आवृत्ती, स्यूडोपोटेन्शियलच्या फाइलचं पूर्ण नाव, फंक्शनल, दोन्ही कटऑफ, मेश आणि ते सरकवलंय की नाही, स्मिअरिंग, कन्व्हर्जन्सची मर्यादा, वापरलेला जालकस्थिरांक गणिताचा की प्रयोगाचा. यातली एकही गोष्ट नसेल तर सहा महिन्यांनी तुम्हालाच तो आकडा पुन्हा काढता येत नाही. गॅप दोन दशांशांपर्यंत लिहा, चार नाही. तुमच्या निकषाला पुढचे दशांश पेलत नाहीत.

ठाण्याहून किंवा वाशीहून कालिन्याला गाइडकडे जाणार असाल तर फक्त आलेख नेऊ नका. सहाव्या पायरीचे तक्ते आणि निदान एक पूर्ण आउटपुट फाइल सोबत ठेवा. चर्चा तिथूनच सुरू होते.

पेन ड्राइव्हवर घेताना इनपुट, आउटपुट आणि स्यूडोपोटेन्शियल घ्या, आउटडिरमधल्या वेव्हफंक्शनच्या जड फाइली मागे ठेवा. त्या इनपुटवरून पुन्हा तयार होतात. इनपुट मात्र हरवलं तर कशावरूनही परत मिळत नाही, म्हणून त्याची एक प्रत लॅपटॉपबाहेर, स्वतःला मेल करून, त्याच दिवशी ठेवा.